एकाच वाक्यावर पूर्ण ग्रीक व्याकरण: कृषी केंद्रात बसून केलेल्या कोर्सचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार देऊन राहिलो. एक काहून कापला ते पुढं येईलच. आधी सांगतो की मी काही भाषेचा मास्तर नाही, यवतमाळ जिल्ह्यात गावात माझं कृषी सेवा केंद्र आहे, बियाणं, खतं, औषधं विकतो, आणि ग्रीक शिकायला कारण झालं माझा भाचा. तो मर्चंट नेव्हीत लागला, जहाजाचा मालक ग्रीक. जहाजांच्या मालकीत ग्रीस जगात अगदी वरच्या नंबरवर आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. जहाजावर काम सगळं इंग्रजीत चालते पण त्याचा चीफ इंजिनिअर ग्रीक आहे, त्याच्या संगतीनं पोरगं फोनवर "कालिमेरा मामा" म्हणायला लागलं, म्हणजे शुभ सकाळ. एक दिवस मी विचारलं, "जेवला का बे?" तर म्हणे, "ने, ने." मी घाबरलो, म्हटलं काहून नाही जेवला, तब्येत बरी नाही का? तर म्हणे, "मामा, ग्रीकमध्ये ने म्हणजे हो. नाही म्हणायचं असलं तर ओही म्हणतात." पोरगं ज्या लोकांत वर्षातले नऊ महिने राहते त्यांचा हो आणि नाही पण आपल्याला समजू नये हे माझ्या मनाला लागलं, आणि त्याच रात्री हा कोर्स घेतला.

१,२०० रुपये, २४ ऑडिओ धडे, सोबत पीडीएफ, वर्षभर व्हॅलिडिटी. शिकवणारी बाई स्वतः ग्रीक आहे आणि इंग्रजीतून शिकवते, आवाज एकदम स्वच्छ, घाई नाही. पण ह्या कोर्सचं खरं वेगळेपण हे की रंग शिका, फळं शिका, आकडे शिका असं काहीच नाही. पूर्ण कोर्सभर एकच घरगुती वाक्य चालते. त्यालाच उलटं करते, सुलटं करते, एकाचे अनेक करते, आजचं काल करते, आणि त्यातूनच व्याकरण बाहेर येते. वाक्य असं आहे:

ई माना दिनी नेरो स्तो पेदी.

आई लेकराला पाणी देते. आमच्या बोलीत, माय लेकराले पाणी देते.

हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मे महिना होता, दुपारचे तीन, दुकानात गिऱ्हाईक नाही, मी काउंटरच्या मागं खताच्या पोत्यांवर टेकून मोबाईल कानाला लावून बसलेलो. दुकानाला लागूनच घर, मधल्या दारातून स्वयंपाकघर दिसते. माझी धाकटी पोरगी उन्हातून खेळून आली, तोंड लाल झालेलं, आणि माझ्या मायनं माठावरचं झाकण सरकवलं, वगराळ्यानं पाणी काढलं, गिलास अर्धाच भरला आणि म्हणाली, "हळू पे, एकदम नोको ढोसू." कानात ती बाई म्हणून राहिली ई माना दिनी नेरो स्तो पेदी आणि डोळ्यासमोर तेच चालू. त्यानंतर हे वाक्य मला पाठ करावं लागलं नाही.

आता व्याकरणाकडं येतो, कारण कोर्स कसा आहे हे त्याशिवाय सांगताच येत नाही. सुरुवातीचा "ई" म्हणजे आई स्त्रीलिंगी असल्याची खूण. ग्रीकमध्ये नामाच्या आधी बहुतेक वेळा असा छोटा शब्द लागतो, पुल्लिंगाला ओ, स्त्रीलिंगाला ई, नपुंसकलिंगाला तो. ओ पातेरास म्हणजे बाप, ई माना म्हणजे आई, तो पेदी म्हणजे लेकरू. बाई इंग्रजीत पंधरा मिनिटं समजावत होती की वस्तूंना पण लिंग असते, घाबरू नका, सवय होईल. अरे, आपल्याला काय सवय करायची, आपण तो माठ, ती घागर, ते मडकं करतच मोठे झालो. आणि सगळ्यात भारी म्हणजे तो पेदी, लेकरू, हे ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी आहे, पोरगा असो की पोरगी. त्यांची मुलगी, तो कोरीत्सी, ती पण नपुंसकलिंगी आणि मुलगा, तो आघोरी, तो पण. इंग्रजीवाल्याला हे विचित्र वाटते. मराठीवाल्याला काय विचित्र? ते लेकरू, ते मूल, ते पोरगं. फक्त एक जागा जपायची, आपला "तो" पुल्लिंगी आणि त्यांचा "तो" नपुंसकलिंगी, तिथं मी पहिला आठवडाभर चुकलो. दहावीपर्यंत संस्कृत होतं म्हणून मग डोक्यात लाईट लागला, सः सा तत्. ओ, ई, तो हे त्याच जुन्या घराण्यातले आहेत, त्यांच्यात पहिल्या दोनाचा स आधी ह झाला आणि नंतर तोही गेला, नपुंसकलिंगात त जसाचा तसा राहिला.

दिनी म्हणजे देते. हे तर सांगायलाच नको, देणे, ददाति, दिनी, धातू एकच. गंमत अशी की दिनीमध्ये लिंग नाही, तो देतो, ती देते, ते देतं, तिन्हीला दिनीच. पण माणूस बदलला की शेवट बदलतो: मी दिनो, तू दिनिस, तो दिनी, आम्ही दिनुमे, तुम्ही दिनेते, ते दिनुन. म्हणून मी, तू म्हणायची गरजच पडत नाही, नुसतं दिनो म्हटलं की मी देतो हे आलं. आणि दिनेते हे अनेकांना तर आहेच पण एकट्या मोठ्या माणसाला मान द्यायचा तरी तेच, आपल्या तुम्हीसारखं. भाच्याला मी पहिली हीच गोष्ट फोन करून सांगितली, चीफ इंजिनिअरशी बोलताना दिनेते म्हण, दिनिस नको म्हणू. म्हणे, "मामा मी इतके दिवस त्याले तू तूच करून रायलो होतो."

नेरो म्हणजे पाणी. इथं मी जरा थांबणार आहे. नेरो ऐकलं की कोणाही मराठी माणसाला नीर आठवते आणि मी पण पहिल्याच दिवशी खुश झालो की नीर आणि नेरो एकच. नाही बरं. हे दोन शब्द दिसायला सारखे आहेत पण नात्यातले नाहीत. नीर हा शब्द संस्कृतात द्राविडी भाषांतून आला असं बरेच अभ्यासक मानतात, सिरोंच्याकडं तेलुगू बोलणारे लोक आहेत त्यांना विचारा, ते पाण्याला नीळ्ळू म्हणतात. आणि ग्रीकचं नेरो आलं "ताजं" ह्या अर्थाच्या शब्दातून. जुन्या ग्रीकमध्ये पाण्याला हुदोर म्हणत, आपल्या उदकाचा सख्खा भाऊ. ताज्या पाण्याला म्हणत नेआरोन हुदोर, म्हणजे नवं, ताजं पाणी, आणि पुढं लोकांनी हुदोर टाकून दिलं आणि नुसतं ताजं ताजं म्हणायला लागले, त्याचं झालं नेरो. म्हणजे नेरो हे नीरचं नाही तर "नवा" ह्या शब्दाचं भावंडं. आता आपल्याकडं पाहा, उदक पूजेत राहिलं, आणि रोजचं पाणी कुठून आलं, तर पानीय, म्हणजे पिण्याजोगं. आपण पण मूळ शब्द देव्हाऱ्यात ठेवला आणि विशेषणालाच पाणी केलं. दोन भाषा, हजारो किलोमीटर लांब, आणि दोघींनी पाण्यासोबत एकच काम केलं. हे मी रात्री जेवताना घरात सांगितलं तर माय म्हणाली, "मंग, ताजं नाई तं का शिळं पाणी देते का कोणी लेकराले?" मला वाटते कोर्सवाल्या बाईला पण हे आवडलं असतं.

हुदोरची गोष्ट कोर्समध्ये नाही, ती मला एका म्हाताऱ्या पास्टरनं सांगितली, ते माझ्याकडं भाजीपाल्याचं बियाणं न्यायला येतात. यवतमाळात पूर्वी युनियन बिब्लिकल सेमिनरी, म्हणजे पास्टर घडवणारी संस्था, होती, १९८३ मध्ये ती पुण्याला गेली, ह्यांनी तिथंच बायबलची जुनी ग्रीक शिकलेली. मी आपलं वाक्य म्हणून दाखवलं तर ते दोन मिनिटं गप्प राहिले आणि मग त्यांच्या जुन्या ग्रीकमध्ये म्हणाले, "हे मेतेर दिदोसिन हुदोर तो पैदिओ." मेतेर म्हणजे माता, दिदोसिन म्हणजे ददाति. दोन हजार वर्षांपूर्वीचं वाक्य आणि माझ्या कानाला ते आजच्या ग्रीकपेक्षा पण जवळचं वाटलं. आता फरक कुठं आहे पाहा, त्यांच्या वाक्यात "लेकराला" ह्यासाठी वेगळी विभक्ती आहे, चतुर्थी, तो पैदिओ. आजच्या बोलीत ती चतुर्थी राहिली नाही, त्या जागी से नावाचा शब्द आला आणि से अधिक तो मिळून झालं स्तो. म्हणून स्तो पेदी, लेकराले. आपलं ले जसं मागून चिकटते तसं त्यांचं स पुढून चिकटते, एवढाच फेर.

तर विभक्ती. इंग्रजीतून ग्रीक शिकणारे इथंच रडतात म्हणे, आणि बाईनं चार धडे ह्याच्यावर घालवले. सोपं आहे. बाप पाणी देतो, ओ पातेरास दिनी नेरो. लेकरू बापाला पाणी देते, तो पेदी दिनी नेरो स्तोन पातेरा. बापाला काहीतरी पोचलं की शेवटचा स गळला. बापाचं पाणी, तो नेरो तू पातेरा. आपल्यात काय होते? मूल, पण मुलाला. लेकरू, पण लेकराले. घोडा, पण घोड्यावर. शब्द आधी वाकते मग त्याला प्रत्यय लागते, शाळेत त्याला सामान्यरूप म्हणायचे. ज्याला घोडा आणि घोड्यावर जमते त्याला पातेरास आणि पातेरा जमायला अवघड काय? आणि शब्दाच्या अंगावरच खूण असल्यामुळं वाक्य कसंही फिरवता येते. नेरो दिनी ई माना स्तो पेदी. स्तो पेदी दिनी नेरो ई माना. पाणी देते माय लेकराले, लेकराले देते माय पाणी. अर्थ तोच, जोर फक्त बदलते. मी दुकानात बसून ह्या सगळ्या जागा बदलून पाहिल्या, बिलबुकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ग्रीक आणि खाली वऱ्हाडी असं लिहून, आणि एकही वाक्य असं नाही निघालं जे ग्रीकमध्ये चालते पण आपल्यात चालत नाही.

एक गोष्ट मात्र आपल्याशी उलटी आहे. आपण म्हणतो मायनं पाणी दिलं, मायनं भाकर दिली, मायनं लाडू दिला, म्हणजे दिलेल्या वस्तूप्रमाणं क्रियापद बदलते. ग्रीकमध्ये असं नाही, क्रियापद देणाऱ्याकडंच पाहते, काहीही दिलं तरी एदोसे. ह्या एदोसेच्या पुढचा "ए" भूतकाळाचा. संस्कृतात गच्छतिचं अगच्छत् होते ना, पुढं अ लागते, तोच हा, दोघांचा एकच वारसा. आजच्या ग्रीकमध्ये तो जोर पडला तरच टिकते, मी दिलं म्हणजे एदोसा पण आम्ही दिलं म्हणजे दोसामे, ए गायब.

आणि एदोसे वेगळं, एदिने वेगळं. एदोसे म्हणजे एकदा दिलं, झालं. एदिने म्हणजे द्यायची, देत होती. भविष्यात पण तसंच, था दोसी म्हणजे देईल, था दिनी म्हणजे देत जाईल. हा धडा मी तीनदा ऐकला. कारण बाई इंग्रजीत पूर्ण झालेली क्रिया, चालू क्रिया, दृष्टिकोन वगैरे सांगत होती आणि मला काही उमगेना, मग फाईल बंद केली आणि मायकडं पाहत बसलो. माय मले लहानपणी शेतात पाणी आणून द्यायची. त्या दिवशी मायनं पाणी दिलं. द्यायची आणि दिलं. बस, हेच तर आहे.

इथंच माझी मुख्य तक्रार आहे. कोर्स इंग्रजी डोक्यासाठी बनवला आहे. बाईचा दोष नाही, पण १,२०० रुपये देणारा मराठी माणूस ग्रीकच्या शेजारी राहतो आणि त्याला मात्र पूर्ण गाव फिरवून आणतात. सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे मू आरेसी. मू आरेसी तो नेरो, मले पाणी आवडते. यात कर्ता पाणी आहे, मी नाही. बाई पंचवीस मिनिटं समजावते की पाणी मला प्रसन्न करते असा विचार करा. कायले करा? मले आवडते. मले बोरं आवडतात, बोरं अनेक म्हणून आवडतात. ग्रीकमध्ये पण एक असलं तर आरेसी, अनेक असले तर आरेसुन. शब्दाला शब्द बसते. तसंच नाव विचारायचं, पोस से लेने, म्हणजे तुला काय म्हणतात. त्याला उत्तर मे लेने अमुक, मला अमुक म्हणतात. म्हणून ज्यांनी कोर्स घ्यायचा त्यांनी माझं ऐका, बाईचं वाक्य ऐका, उच्चार ऐका, पण समजावणं चालू झालं की पॉज करा आणि तेच वाक्य आपल्या बोलीत, घरच्या बोलीत, करून पाहा, मग पुढं जा. माझा निम्मा वेळ तसा वाचला.

दुसरी तक्रार लिपीची. नवव्या धड्यापर्यंत सगळं रोमन अक्षरात, ग्रीक लिपी दाखवतच नाहीत. २४ तर अक्षरं आहेत, पहिल्याच दिवशी दाखवा. कारण लिपीशिवाय ई समजत नाही. ग्रीकमध्ये ई हा एकच आवाज पण लिहायच्या पद्धती पाचेक, ईता, योता, इप्सिलोन, आणि एप्सिलोन-योताची जोडी, ओमिक्रोन-योताची जोडी. आपल्याच वाक्यात तीन सापडतात, ई मानाचा ई ईतानं लिहितात, दिनीतला पहिला योतानं आणि दुसरा एप्सिलोन-योतानं. नेरोतला ए एकट्या अक्षराचा आणि पेदीतला ए आल्फा-योता जोडीचा. ह्याचा उपयोग तेव्हा कळतो जेव्हा एकाचे अनेक करता. ई माना, एक आई. ई मानेस, अनेक आया. कानाला ई तोच, पण कागदावर पहिला ईता आणि दुसरा ओमिक्रोन-योता. रोमनमध्ये दोन्ही सारखे दिसतात म्हणून मी दोन दिवस अडकून होतो. शेवटी मी देवनागरीत लिहायला लागलो, त्यात जोर कुठं आहे तिथं वर टिंब देऊन.

जोर लय महत्त्वाचा. ग्रीकमध्ये आधी तीन प्रकारच्या जोराच्या खुणा आणि वर आणखी दोन श्वासाच्या खुणा होत्या, १९८२ मध्ये सरकारनं ते सगळं काढून एकच खूण ठेवली, बरं केलं. ती एक तरी चुकवू नका. पोते, जोर पहिल्या अक्षरावर, म्हणजे कधी. पोते, जोर शेवटच्यावर, म्हणजे कधीच नाही. मी तर पोत्यांवरच बसलेला माणूस, गिऱ्हाईक विचारते युरियाचे पोते कधी येतीन, तेव्हापासून पहिल्या अक्षरावर जोर म्हणजे कधी हे डोक्यात पक्कं झालं.

उच्चारात आपल्याला एक फायदा आहे. त्यांचे प, त, क हे आपल्यासारखेच कोरडे, श्वास न सोडता, इंग्रजीवाल्यांना ते जमत नाहीत. पण द मात्र जीभ दातांच्या मध्ये ठेवून मऊ काढायचा, आणि थेलो, म्हणजे मला पाहिजे, ह्यातला थ पण आपला थालीपीठाचा थ नाही, तिथं हवा दातांतून सोडायची. मी इथं देवनागरीत लिहिलं ते जवळपासचं समजा, खरं ऑडिओवरूनच घ्या. ऑडिओ त्या बाबतीत एक नंबर.

तिसरी तक्रार पैशाची, ह्याच्यासाठी तो स्टार कापला. पेमेंट दोनदा कटलं, मेल केले, उत्तर इंग्रजीत मशीनचं, दुसऱ्यांदा कटलेले पैसे परत यायला एकोणीस दिवस लागले. आले पूर्ण, पण हंगामाच्या तोंडावर १,२०० अडकणं आम्हाला जाणवते. ॲप ऑनलाईनच चालते असं वाटते पण धडे डाऊनलोड होतात, सेटिंगमध्ये खाली आहे. आमच्याकडं लाईट गेली की टॉवर पण जाते, म्हणून मी पहाटेच दोन-तीन धडे उतरवून ठेवायचो. हे त्यांनी पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात सांगायला पाहिजे.

सतराव्या धड्यात एक शब्द आला तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो केंद्रो. म्हणजे मध्य, शहराचा मधला भाग. बाई म्हणाली ई माना पाई स्तो केंद्रो, आई शहराच्या मधल्या भागात जाते, आणि मी मोबाईल खाली ठेवून दुकानाबाहेर गेलो आणि माझ्याच बोर्डाकडं पाहत उभा राहिलो. कृषी सेवा केंद्र. केंद्र हा शब्द मूळ ग्रीक, केन्त्रोन, जुन्या काळी ज्योतिषासोबत संस्कृतात आला, होरा पण तसाच आला. दाम हा शब्द पण त्यांच्या द्राख्मे नाण्यावरून, आधी द्रम्म मग दाम. चौदा वर्षं झाली तो बोर्ड लावून, पेंटरला मीच सांगितलं होतं अक्षरं मोठी काढ म्हणून. समोरच्या पानठेल्यावरून एकानं विचारलं, "काय पाहून रायले भाऊ?" मी म्हटलं, "शब्द पाहून रायलो."

मागच्या आठवड्यात दुसरा भाग घेतला, ह्यावेळी पैसे एकदाच कटले. त्याचं वाक्य आहे ओ पातेरास आनीयी तो मागाझी, बाप दुकान उघडतो. सकाळी शटर वर करताना पोरगी मागून ओरडते, आनीयी नाही बाबा, तुम्ही स्वतः उघडून राहिले तर आनीघो म्हणा. तिचंच बरोबर आहे.